इगतपुरीचे दहा दिवस की एलिसची वही?

‘स्वभाव बदलायचाय’ असं बोलून दाखवलं की आपल्याकडे दोन सल्ले हमखास मिळतात. एकजण म्हणतो, विपश्यनेला जाऊन ये. दुसरा म्हणतो, आरईबीटी शिक. दोन्ही सल्ले चांगलेच आहेत. पण दोन्हींत काम अगदी वेगळं करावं लागतं, आणि आधी कुठलं घ्यायचं हे न ठरवता उडी मारली की माणूस तिसऱ्या दिवशी कंटाळतो.

आरईबीटी, म्हणजे विवेकनिष्ठ मानसोपचार, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये मांडला. मराठीत तो रुजवला कि. मो. फडके यांनी, आणि ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्याच्या संस्थेतून डॉ. आनंद नाडकर्णी यांनी. विपश्यना ही ध्यानपद्धत सत्यनारायण गोएंका यांनी ब्रह्मदेशात सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे शिकून १९६९ मध्ये भारतात आणली. ती दहा दिवसांच्या निवासी शिबिरात शिकवतात. इगतपुरीचं धम्मगिरी हे तिचं मोठं केंद्र.

खरा फरक एका प्रसंगात दिसतो. दहावीचा निकाल लागलाय. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाच्याचे ९४ टक्के झळकतायत आणि तुमच्या मुलीला ७१ आहेत. तुम्ही मुलीवर खेकसता.

एलिस म्हणतील, निकालाने तुम्हाला खेकसायला लावलं नाही. निकाल आणि खेकसणं यांच्या मध्ये एक वाक्य आहे, ते पकडा आणि वहीत लिहा. ‘माझ्या मुलीला चांगले गुण मिळायलाच हवेत, नाहीतर चारचौघांत तोंड दाखवायला जागा नाही.’ मग त्या वाक्याची उलटतपासणी घ्या. मिळायलाच हवेत, हा नियम कुणी केला? ७१ टक्के पडल्याने नेमकं काय कोसळलं? तोंड दाखवता येत नाही, तर काल दूध आणायला कोण गेलं होतं? शेवटी हाती उरतं ते असं: ‘जास्त मिळाले असते तर आवडलं असतं, नाही मिळाले, वाईट वाटतंय, आता पुढचं बघू.’ वाईट वाटणं शिल्लक राहतं, हे लक्षात घ्या. सगळं छान आहे असं स्वतःला पटवायची ही पद्धत नव्हे.

विपश्यनेत त्या वाक्याशी वाद घालायचाच नाही. कान तापलेत, घशाशी काहीतरी अडकलंय, छातीत धडधड आहे, तेवढंच पाहायचं. ढकलायचं नाही, धरूनही ठेवायचं नाही. ती संवेदना आपोआप बदलते हे अनुभवायचं. वाक्य खरं की खोटं, हा प्रश्न इथे येतच नाही.

म्हणूनच माझं मत असं. ज्यांचा त्रास शब्दांत चालतो, म्हणजे रात्री अंथरुणावर ‘तो मला असं बोललाच कसा’ याची रेकॉर्ड वाजत राहते, त्यांनी आधी वही घ्यावी. ज्यांचा हात आधी उठतो आणि विचार मागून येतो, त्यांना वहीचा उपयोग कमी. पकडायला वाक्यच सापडत नाही. त्यांनी शिबिराचा विचार करावा. दोन्ही एकाच वेळी चालवू नका. शिबिरात तर इतर सगळ्या साधना, जप आणि पूजापाठही, तेवढ्यापुरत्या बाजूला ठेवायला सांगतात.

आता व्यवहार. शिबिराला फी नाही. राहणं-जेवण आधीच्या साधकांच्या दानातून चालतं आणि तुम्हीही दान देऊ शकता ते शिबिर पुरं केल्यावरच. पण वेळेचा हिशेब नीट करा: आदल्या दिवशी पोचायचं आणि अकराव्या दिवशी सकाळी सुटायचं, म्हणून रजा बारा दिवसांची टाका. पहाटे ४ ला घंटा, दिवसाला दहाएक तास बैठक, सकाळी ११ च्या जेवणानंतर पुन्हा जेवण नाही (नव्यांना संध्याकाळी चहा आणि फळं), फोन जमा, दहाव्या दिवसापर्यंत मौन. पहिले तीन दिवस फक्त श्वास. तान्हं मूल किंवा अंथरुणाला खिळलेले सासू-सासरे घरी असलेल्या बाईला ‘जाऊन ये गं’ म्हणणं सोपं असतं, एवढंच सांगतो. आणि घरी परतल्यावर सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसणं अपेक्षित आहे. बहुतेकांची गाडी अडते ती इथे.

वही स्वस्त आहे, आज रात्रीही सुरू होते. समुपदेशकाकडे जायचं तर दर बैठकीचे पैसे लागतात. वहीचा धोका वेगळाच: माणूस सुंदर लिहितो आणि वागतो पहिल्यासारखंच. एलिस यांना हे पक्कं माहीत होतं. एकोणीस वर्षांचे असताना मुलींशी बोलायची भीती घालवायला ते न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स बागेत महिनाभर जात राहिले आणि बाकावर बसलेल्या शंभरेक अनोळखी स्त्रियांशी स्वतःहून बोलले. भेटायचं ठरलं ते एकीशीच, आणि तीही आली नाही. भीती मात्र गेली. तेव्हा वहीच्या प्रत्येक पानाखाली उद्या करायची एक कृती लिहा, नाहीतर ते निबंधलेखन होतं.

श्रद्धेचा प्रश्नही विचारला जातो. गोएंका आपली पद्धत कुठल्याच पंथाची नाही असं सांगत. तरी सुरुवातीला शील घेणं, म्हणजे काही नैतिक नियम पाळायचं वचन देणं, आणि ध्वनिमुद्रित पाली भाषेतलं पठण आहे. काहींना ते खटकतं. एलिस उघड नास्तिक होते, पण त्यांची पद्धत वापरायला देव सोडावा लागत नाही.

तीव्र नैराश्य, भास, बायपोलर आजार असेल तर मात्र ही निवड तुमची एकट्याची नाही. शिबिराच्या अर्जात आजार लपवू नका, गोळ्या परस्पर बंद करू नका, आधी मनोविकारतज्ज्ञांना विचारा. सरकारची टेली मानस ही मानसिक आरोग्याची फोनसेवा १४४१६ वर मोफत आहे.

शिबिराचा अर्ज भरून वाट पाहत असाल, तर तोवर वही सुरू करायला हरकत नाही. ती बॅगेत मात्र टाकू नका. तिथे लिहायला-वाचायला बंदी आहे.