म्हैसमाळ, आंबोली की हिमालय? फुलपाखरं बघायला कुठं जावं

संभाजीनगरहून फुलपाखरं बघायला निघायचं म्हटलं की लोक आधी डोंगराची उंची विचारायलेत, जितकं उंच तितकं जास्त असं डोक्यात पक्कं बसलंय. तसं काही नसतं.

शहर साधारण 570 मीटरवर, म्हैसमाळ हजाराच्या थोडं वर, म्हणजे हवा फार तर तीन डिग्रीनं थंड. एवढ्यात जाती कितीशा बदलणार? खाली रुईवर प्लेन टायगर फुलपाखरू दिसतं तेच वर पण दिसतं, काळे-पिवळे पट्टे अन् शिंगांसारख्या तीन जोड्या असलेली त्याची अळी शेताच्या बांधावरच्या रुईवर पण सापडते. वर एकच फायदा, काही जातींचे नर मादीसाठी माथ्यावर येऊन जागा धरतात अन् दुसरा नर आला की हाकलतात, ते मात्र निवांत बघायला मिळतं.

आंबोलीची गंमत बघा, उंची 700 मीटरच्या आसपास, म्हैसमाळपेक्षा कमीच, तरी तिथं सदर्न बर्डविंग असतं अन् आपलं राज्य फुलपाखरू ब्लू मॉर्मन पण. कारण पाऊस. आपल्याकडं वर्षाला 700 मिलिमीटर पडला तरी लोक खुश, तिकडं 7,000 च्या वर जातो, मग जंगल सदाहरित अन् अळीला लागणारी झाडं-वेली भरपूर, कारण बहुतेक अळ्या ठराविकच पानं खातात, बर्डविंगच्या अळीला ईश्वरीच्या वेलीच्या कुळातलंच काहीतरी लागतं.

उंचीप्रमाणे पट्टे बदलताना बघायचे असतील तर हिमालयच. पण तिथं पण सगळ्यात जास्त जाती खालच्या अन् मधल्या जंगलातच, उत्तराखंडातलं भीमताल वगैरे 1,300-1,400 मीटरवर चांगलं. झाडं संपली की जाती कमी होत जातात, पण ज्या असतात त्यातल्या बऱ्याच खाली दिसणारच नाहीत, जसं लाल ठिपक्यांचं केसाळ अंगाचं अपोलो.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्यानं सप्टेंबर-ऑक्टोबरात आंबोलीच धरावी. एकच रविवार मोकळा असेल तर म्हैसमाळ, सकाळी ऊन तापलं की लगेच माथ्यावर. अपोलोसाठी तीन हजार मीटरच्या वर चढायची तयारी असेल तर जून-जुलै बघा अन् एक-दोन दिवस जास्तीचे ठेवा, ढग आले की ते उडतच नाही, पंख पसरून दगडावर बसून राहतं.