पहिल्या विणकामाचा तयार संच: सुया उत्तम, नमुना चुकीचा

संचात ५ मिमीच्या बांबूच्या सुया, फिकट रंगाच्या मध्यम जाडीच्या लोकरीचा १०० ग्रॅमचा एक गुंडा आणि मफलरचा नमुना येतो. सुयांची निवड अगदी योग्य. धातूच्या सुईवरून टाके सरसर निसटतात, बांबूवर ते धरून राहतात. लोकरही गुळगुळीत पिळाची आहे, त्यामुळे प्रत्येक टाका सुटा दिसतो. गडद किंवा केसाळ लोकरीत चूक शोधायची तरी कुठे?

तक्रार आहे ती नमुन्याची. ३० टाक्यांचा, दीड मीटर लांब मफलर एका गुंड्यात होत नाही, साधारण दोन लागतात. शिवाय पहिल्याच कामाला एवढी लांबी म्हणजे अर्ध्यावर कंटाळा ठरलेला. त्यापेक्षा याच लोकरीचा कानपट्टा विणा: १६ टाके घाला, सगळ्या ओळी सुलट विणा, ४५ सेंटिमीटर झाले की टाके बंद करून टोके शिवा. अर्धा गुंडाही लागत नाही.

संचातल्या नमुन्याच्या पुस्तिकेत एक महत्त्वाची गोष्ट राहून गेली आहे. ओळीच्या सुरुवातीला धागा सुईवरून मागे ओढला गेला, तर पहिल्या टाक्याचे दोन्ही पाय, म्हणजे फासाच्या दोन्ही बाजू, वर येतात आणि एकाचे दोन टाके विणले जातात. पट्टी रुंदावत जाते ती बहुतेकदा यामुळेच. धागा सुईखालून मागे न्या आणि दर ओळीला टाके मोजा.

सुया-लोकरीसाठी संच जरूर घ्या, मफलर मात्र दुसऱ्या कामाला ठेवा.