प्रथम वर्षाचा लेखनवर्ग : दुसऱ्या मसुद्यासाठी तरी घ्यावा

नागपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या एका महाविद्यालयात बी.ए., बी.कॉम. आणि बी.एस्सी. प्रथम वर्षाच्या मुलांसाठी मराठी लेखनाचा एकत्र वर्ग चालतो. नव्या शैक्षणिक धोरणातल्या एईसीखाली, म्हणजे क्षमता संवर्धन अभ्यासक्रमाखाली, तो घेता येतो. २ क्रेडिट, म्हणजे सत्राचे ३० तास. बऱ्याच ठिकाणी हे क्रेडिट नोट्स आणि वस्तुनिष्ठ प्रश्नांवर निभावून नेतात. इथे मुलं खरोखर लिहितात, आणि लिहिलेलं पुन्हा लिहितात. वर्गाची सगळी ताकद त्या पुन्हा लिहिण्यात आहे.

सत्रात चार लेखनं होतात : निरीक्षण, कृती, अर्ज आणि स्रोत वाचून लिहिलेला निबंध. प्रत्येकाचा पहिला मसुदा वर्गात, हाताने, ४० मिनिटांत लिहायचा. मोबाइल तेवढा वेळ बॅगेत. त्यामुळे चॅटबॉटकडून लिहून आणायचा प्रश्न निम्मा तिथेच मिटतो. आठवड्याभराने दुसरा मसुदा टाइप करून द्यायचा आणि पहिला त्याला जोडायचा. गुण दुसऱ्याला मिळतात, पण पहिला जोडलेला नसेल तर दुसरा तपासतच नाहीत. हा नियम कडक वाटतो, पण तो ढिला केला की अख्खा वर्ग कोसळतो.

फरक कुठे पडतो ते कृतिलेखनात स्वच्छ दिसतं. विषय तर्री पोहे. नागपूरच्या मुलाला यात सांगण्यासारखं काय, असं वाटतं आणि तिथेच गाडी अडते. पहिल्या मसुद्यात हमखास असतं : ‘पोहे भिजवून घ्यावेत, चण्याची झणझणीत तर्री करावी, वरून घालावी.’ ज्याने कधी केले नाहीत त्याला यातून काहीच करता येणार नाही. दुसऱ्या मसुद्यात तोच मुलगा लिहितो की जाड पोहे चाळणीत धुवून निथळत ठेवायचे, पाण्यात बुडवून ठेवले तर लगदा होतो. चणे रात्रभर भिजवून कुकरला लावायचे. मसाला तेल सुटेपर्यंत परतायचा, नाहीतर वर लाल तवंग येत नाही. ‘झणझणीत’ हा शब्द गेला, त्याच्या जागी कारण आलं. हे शिक्षकांनी सांगून होत नाही. जोडीदाराने वाचून ‘किती वेळ भिजवायचे?’ असं विचारलं की होतं.

अर्जाचंही तसंच. महानगरपालिकेच्या झोन कार्यालयाला पथदिव्याबद्दल लिहायचं असतं. शाळेच्या सवयीने अर्धं पान ‘सविनय सादर’ आणि ‘आपला आज्ञाधारक’ यात जातं आणि दिवा कोणता, हे राहून जातं. शहरात दहा झोन आहेत; आपली वस्ती कोणत्या झोनमध्ये येते हे शोधून काढणं हा गृहपाठाचाच भाग. खांबावरचा क्रमांक, बंद पडल्याची तारीख, जवळची खूण आणि आधी तक्रार केली असल्यास तिचा क्रमांक, एवढं पहिल्या चार ओळींत यायला हवं.

निबंध सगळ्यांत अवघड, आणि सगळ्यांत चांगला शिकवलेला. विषय असतो नागपूर करार, म्हणजे विदर्भाला महाराष्ट्रात सामावून घेण्याबद्दल नेत्यांनी केलेला करार, आणि त्यातून आलेलं नागपूरचं हिवाळी अधिवेशन. मुलं झाशी राणी चौकातल्या विदर्भ साहित्य संघाच्या ग्रंथालयात जातात, दोन स्रोत वाचतात आणि कोणता मुद्दा कुठून घेतला ते वाक्यातच सांगतात. नेहमीची चूक म्हणजे ‘२८ सप्टेंबर १९५३ च्या करारामुळे विदर्भ महाराष्ट्रात आला’ असं एका दमात लिहिणं. समासात लाल शाईने एवढंच येतं : ‘मधलं १९५६ कुठे गेलं?’ मग विद्यार्थ्याला राज्य पुनर्रचना आणि द्विभाषिक मुंबई राज्य वाचावं लागतं, १ मे १९६० पर्यंत यावं लागतं, आणि त्या एका वाक्याचा परिच्छेद होतो. इतिहासाच्या तासाला जे होत नाही ते इथे होतं.

शुद्धलेखनाचे साहित्य महामंडळाचे १८ नियम घोकून घेत नाहीत, हेही बरं. मुलांच्या वह्यांतूनच चुका उचलतात. सर्वांत जास्त चूक सामान्यरूपात होते : गरीब, पण गरिबाला, वकील, पण वकिलाला, फूल, पण फुलाला. ‘मी गेली होती’, ‘काय करून राहिला’ ही इथली बोली खोडत नाहीत; संवादात राहू देतात, अर्जात बदलायला सांगतात. मुलींनी आणि पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीतून आलेल्या मुलांनी वर्गात तोंड उघडण्यामागे हे मोठं कारण आहे. टाइपिंग युनिकोडमध्ये, इनस्क्रिप्ट कळफलकावर. ‘दुसऱ्या’मधला ऱ्य बहुतेकांना सापडत नाही : शिफ्ट दाबून जे, मग डी, मग य.

आता उणिवा. एका तुकडीत ६० मुलं आणि एका शिक्षकाकडे दोन तुकड्या. चार लेखनं, प्रत्येकी दोन मसुदे, म्हणजे ९६० कागद. एका कागदाला दहा मिनिटं धरली तरी १६० तास, आणि वेळापत्रकात दोन्ही तुकड्यांचे मिळून ६०. तिसऱ्या लेखनापासून शेरे आटतात, निबंधावर तर बऱ्याचदा नुसती बरोबरची खूण येते, ती शिक्षकाच्या आळसामुळे नव्हे. तुकडी ३० ची करणं हा खरा उपाय. तो होईपर्यंत पहिल्या मसुद्यावर फक्त दोन शेरे द्यावेत, एक मुद्द्यावर आणि एक रचनेवर. शुद्धलेखन दुसऱ्या मसुद्यावर पाहावं. जे वाक्य पुढे खोडलंच जाणार त्याच्या वेलांट्या सुधारण्यात अर्थ नाही.

एकमेकांचं वाचण्याचा तासही मैत्रीत वाहून जातो. ‘छान लिहिलंय’ एवढ्यावर कागद परत येतो. विशेषण वापरायचं नाही, ‘कुठे थांबून पुन्हा वाचावं लागलं’ तिथे खूण करायची आणि एक प्रश्न लिहायचा, असं ज्या आठवड्यात बजावतात त्या आठवड्यात तास जमतो. दर वेळी बजावायला हवं.

वर्षाअखेरीची पुस्तिका आणि भित्तिपत्रक हे महाविद्यालय मोठ्या अभिमानाने दाखवतं. पुस्तिका देखणी असते, पण त्यात निवडक मुलांचे, शिक्षकांनी हात फिरवलेले लेख येतात. वर्गाची कमाई दाखवायची असेल तर डाव्या पानावर पहिला मसुदा आणि उजव्या पानावर दुसरा छापावा. खर्च वाढू नये म्हणून पानं चारच्या पटीत ठेवावीत, आणि छपाईवाल्याकडे जुना बिगर-युनिकोड फाँट असेल तर प्रूफ कागदावर काढूनच पाहावं. रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं तुटतात.

महाविद्यालयाच्या ग्रंथालयातलं लेखनाच्या मदतीचं टेबल मात्र फुकट जातं. वरच्या वर्गातली मुलं तिथे आठवड्यातून दोन दुपारी बसतात, एकेकाला वीस मिनिटं देतात. जमा करायच्या आदल्या दिवशी रांग, एरवी शुकशुकाट. पहिल्या लेखनाला एक भेट सक्तीची केली तर पुढच्या भेटी आपसूक होतील.

प्रवेशाच्या वेळी एईसीची यादी समोर आली की, हा वर्ग असो वा दुसऱ्या महाविद्यालयातला, तुकडी किती जणांची आणि तपासलेला पहिला मसुदा किती दिवसांत हातात येतो, हे खिडकीवर नव्हे, विभागात जाऊन विचारावं. आठ दिवसांपेक्षा जास्त सांगितलं तर दुसरा मसुदा शेऱ्यांशिवायच लिहावा लागणार हे धरून चालावं.