खिळखिळा खण: घरी दुरुस्ती, प्लायवूडचा नवा डबा की नवे कपाट?

सुटे भाग आणून घरी जोडलेल्या कपाटाचा एखादा खण नादुरुस्त झाला, की तीन वाटा समोर येतात. आहे तोच खण घरच्या घरी दुरुस्त करता येतो, दर्शनी फळी तीच ठेवून आतला डबा प्लायवूडचा करून घेता येतो, किंवा सबंध कपाट बदलता येते. बहुतेक घरांत हा निर्णय खर्चाकडे पाहून होतो. माझ्या मते तो आधी खण ज्याचा बनलेला असतो त्या पार्टिकल बोर्डाकडे पाहून व्हावा, कारण फळी शाबूत असेल तर स्वस्त दुरुस्तीही वर्षानुवर्षे टिकते आणि फळी फुगलेली असेल तर महाग गोंदही तिला धरू शकत नाही.

त्यासाठी खण रिकामा करून पूर्ण बाहेर काढावा. टेलिस्कोपिक चॅनलला, म्हणजे खण ज्यांवर सरकतो त्या धातूच्या पट्ट्यांना, दोन्ही बाजूंस काळ्या प्लास्टिकचा एकेक खटका असतो. बहुतेक चॅनलांत एका बाजूचा वर आणि दुसऱ्या बाजूचा खाली, असे दोन्ही एकाच वेळी दाबले की खण अलगद सुटतो. मग तो पालथा घालून खालच्या कडेवरून बोट फिरवावे. कड सरळ आणि टणक लागली तर दुरुस्ती करावी. ती जाड झालेली असेल, वरचा पापुद्रा सुटून आतला भुसा नखाने निघत असेल, तर त्या फळीवर वेळ घालवू नये. पार्टिकल बोर्ड म्हणजे लाकडाचा चुरा राळेत दाबून केलेली फळी. ओल लागली की चुरा फुगतो आणि त्याला बांधणारी राळ सुटते. नंतर फळी वाळली तरी ती मूळ जाडीवर आणि मूळ ताकदीवर येत नाही. नागपुरात ही ओल पावसाळ्याआधीच घरात येते. एप्रिल ते जून दिवसरात्र चालणाऱ्या कूलरचे तोंड ज्या कपाटाकडे असते, त्याचे खालचे खण आधी जातात. आमच्या चार खणांच्या कपाटात हेच झाले: वरच्या तीन खणांचे फक्त तळ झोल खाऊन खाली आले होते, तर कूलरच्या रेषेतल्या चौथ्याच्या बाजूच्या फळ्या कडेला फुगून चॅनलचे स्क्रू सुटले होते.

घरी दुरुस्ती करण्यास सर्वांत योग्य बिघाड म्हणजे झोल खाल्लेला तळ. हा तळ बहुधा ३ मिलिमीटरचा असतो आणि कपड्यांच्या किंवा पुस्तकांच्या वजनाने खोबणीतून सुटतो. तो उलटा करून बसवला तर थोडे दिवस निभावते, पण ६ मिलिमीटर प्लायवूडचा नवा तळ हाच खरा उपाय आहे. एवढे जाड प्लाय जुन्या खोबणीत जात नाही, म्हणून आतल्या बाजूने चारही कडांना लाकडी पट्टी लावून त्यावर तळ बसवावा. खालून नुसते बारीक खिळे ठोकल्यास सगळे वजन त्या खिळ्यांवर येते. पट्टी लावताना एक गोष्ट हमखास चुकते. खणाच्या आतल्या चकचकीत थरावर पांढरा फेविकॉल धरत नाही. जिथे पट्टी बसणार तेवढा थर पॉलिश पेपरने पूर्ण खरवडून काढावा, गोंदाबरोबर लहान स्क्रूही द्यावेत आणि एक रात्र खणाला हात लावू नये.

कोपऱ्याचा सांधा उघडला असेल, तर जुना गोंद खरवडून नवा लावावा आणि शिकंजा (क्लॅम्प) नसल्यास दोरीचा पीळ देऊन खण आवळावा. आवळल्यावर दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे भरले तरच खण गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे. स्क्रूचे भोक मोठे झाले असेल, तर काडेपेटीच्या काड्या भरण्याचा उपाय हलक्या खणापुरता ठीक आहे. वजन पडणाऱ्या जागी ८ मिलिमीटरचे भोक पाडून लाकडी खुंटी गोंदासह ठोकावी आणि वाळल्यावर तिच्यात बारीक भोक पाडून स्क्रू घ्यावा. फळी पातळ असते, त्यामुळे भोक आरपार जाणार नाही याकडे लक्ष द्यावे.

दुसरी वाट सुताराची. बाजूंना १२ आणि तळाला ६ मिलिमीटर प्लाय पुरते. कपाटाच्या आतल्या मोकळ्या रुंदीतून दोन्ही चॅनलांसाठी मिळून २५ ते २६ मिलिमीटर वजा केले की डब्याची बाहेरची रुंदी मिळते. हे माप चुकले तर खण अडतो किंवा चॅनल ताणले जाते. बेडरूमसाठी साधे एमआर, म्हणजे दमटपणा सोसणारे प्लाय चालते, मात्र कूलरजवळ किंवा स्वयंपाकघरात पाण्याला टिकणारे, आयएस ७१० या भारतीय मानकाच्या शिक्क्याचे मरीन प्लाय घ्यावे. एका खणासाठी पूर्ण आकाराची फळी लागत नाही. नागपुरातल्या लकडगंज या लाकूडबाजारात माप दिल्यास तुकडा कापून देणारे दुकानदार भेटतात. खर्चाचा मोठा भाग मजुरीचा असतो आणि एका खणासाठीही सुताराचा बराच दिवस जातो, तेव्हा दोन-तीन खण खराब असतील तर ते एकदमच द्यावेत.

नवे कपाट घेण्याची वेळ तेव्हाच येते, जेव्हा चॅनल जिच्यावर बसते ती कपाटाची उभी फळीच फुगलेली असते किंवा वाळवीने पोखरलेली असते. मात्र खण अडतो म्हणून लगेच तो निष्कर्ष काढू नये. पुष्कळदा कपाटाची मागची पातळ फळी सुटून सांगाडा तिरका झालेला असतो आणि दोष खणांना दिला जातो. कर्ण मोजून सांगाडा सरळ करावा, मागची फळी पुन्हा ठोकावी आणि मग खण चालवून पाहावा.

आम्ही वरच्या तीन खणांचे तळ एका रविवारी घरीच बदलले. चौथ्याचा डबा सुताराकडून मरीन प्लायचा करून घेतला आणि दर्शनी फळी धड असल्याने तीच त्याला लावली. कपाट आता कूलरच्या समोरच्या भिंतीवरून हलवून शेजारच्या भिंतीला लावले आहे.