जपानची शंभर येनची दुकानं: बालवाडीच्या हॅलोविनसाठी काय घ्यावं, काय तिथेच ठेवावं

ऑक्टोबर उजाडला की जपानी बालवाडीतलं हॅलोविन, म्हणजे ३१ ऑक्टोबरचा भुताखेतांची सोंगं काढण्याचा पाश्चात्त्य सण, बहुतेक वेळा इंग्रजी शिकवायला आलेल्या परदेशी शिक्षकाच्या अंगावर पडतं, आणि तो पिशवी घेऊन थेट शंभर येनच्या दुकानात शिरतो. तिकडे या दुकानांना ‘ह्याक्किन’ म्हणतात. दाइसो, सेरिया, कॅन डू ही त्यातली मोठी नावं. दुकान निवडण्यात चूक नाही. चूक होते ती आत गेल्यावर, नारिंगी-काळ्या मांडणीपाशी. तीन ते सहा वर्षांच्या २० मुलांचा वर्ग धरला, तर तयार पोशाखांना पाचपैकी दोन गुण आणि हस्तकलेच्या कप्प्याला पाचपैकी पाच.

आपल्याकडच्या वेशभूषा स्पर्धेची सवय इथे बाजूला ठेवावी लागते. शिवाजी महाराज, झाशीची राणी घरून सजून येतात आणि नंबर काढले जातात, तसं इथे बहुतेक ठिकाणी नसतं. पोशाख वर्गातच बनतो, साधारण सगळ्यांचा सारखा, आणि बक्षीस कुणालाच नाही. म्हणून २० वेगवेगळे तयार पोशाख घेण्यात पैसा तर जातोच, शिवाय ‘मला तोच हवा’ म्हणून रडारड होते ती वेगळी.

किंमत १०० येन अधिक १० टक्के कर, म्हणजे ११० येन. खाऊवर कर ८ टक्के, म्हणून तो १०८ ला पडतो. सेरियात सगळं एकाच किमतीचं असतं. दाइसोत २००, ३००, ५०० येनच्या वस्तूही त्याच रांगेत टांगलेल्या असतात, तेव्हा पाकिटावरचा आकडा वाचूनच टोपलीत टाका. शाळा पैसे परत देणार असेल तर साध्या पावतीवर भागेल की ‘र्‍योशूशो’, म्हणजे नाव घातलेली रीतसर पावती, लागेल, हे आधी कचेरीत विचारून ठेवा. हॅलोविनचा माल ऑगस्टअखेरीपासून दिसू लागतो आणि ऑक्टोबरच्या उत्तरार्धात त्याची जागा नाताळचा माल घेऊ लागतो. एकाच रंगाची पुरेशी पाकिटं हवी असतील, तर ऑक्टोबरचा पहिला आठवडा गाठा.

आता तयार माल. गळ्याशी बांधायची झूल दिसते छान, पण घसरगुंडीवर किंवा दाराच्या कडीत अडकली की गळा आवळतो. सात वर्षांखालच्या मुलांच्या रोजच्या कपड्यांना गळ्याशी लोंबती दोरी नको, असं २०१५ सालचं जपानी मानक सांगतं. मग सणाच्या दिवशी ती कशाला बांधायची? घेतलीच असेल तर नाडी कापून टाका आणि झूल खांद्यांवर चिकटपट्टीने लावा. मुखवट्यातून बाजूचं दिसत नाही आणि रांगेत मुलं एकमेकांवर आदळतात. मांजरीच्या कानांचे हेअरबँड मोठ्यांच्या मापाचे असतील तर लहान डोक्यावरून ते पुढे घसरतात. चमकणाऱ्या अंगठ्यांत आणि दिव्यांत बटण सेल असतात. गिळलेला सेल अन्ननलिका जाळतो, म्हणून या वयाच्या वर्गात त्यांना जागाच नाही. चमकत्या कांड्याही नकोत: मूल चावतं, नळी फुटते, आत काच आणि रसायन असतं. रक्ताचे डाग, तुटके हात वगैरे तर बघूही नका. तीन वर्षांचं मूल खरोखर घाबरतं.

खरी कमाई रंगीत पॉलिथिनच्या पिशव्यांत आहे. जपानी बालवाड्या स्नेहसंमेलनाला वर्षानुवर्षं याच वापरतात. ६५ बाय ८० सेंटिमीटरचं माप घ्या. पिशवीची बंद बाजू वर, तोच खांदा. पिशवी उभी दुमडून घडीच्या बाजूने गळा कापा, उघडल्यावर साधारण १६ सेंटिमीटर रुंद आणि १० खोल. मुलाच्या डोक्याचा घेर ५० च्या आसपास असतो, त्यामुळे एवढ्या गळ्यातून डोकं जेमतेमच जातं आणि ओढलं की पिशवी फाटते. मागच्या बाजूला १२ सेंटिमीटरची उभी चीर द्या आणि पिशवी घातल्यावर ती चिकटपट्टीने बंद करा. हातांसाठी दोन्ही कडांना, वरून ५ सेंटिमीटर सोडून १५ ची चीर. चिरेच्या खालच्या टोकाला आडवी चिकटपट्टी लावायला विसरू नका, फाटायला सुरुवात तिथूनच होते. शेवटी खालून ३० सेंटिमीटर कापून टाका. १०५ सेंटिमीटर उंचीच्या मुलाला ८० ची लांबी पायात येते, ५० ची गुडघ्याच्या वर राहते. कापलेल्या पट्ट्यातून शेपूट आणि बो निघतात.

सजावटीत गडबड होते ती गोंदामुळे. मुलांच्या हातातली खळ किंवा ग्लू स्टिक पॉलिथिनला धरत नाही. लावताना चिकटल्यासारखी वाटते आणि वाळली की सगळी वटवाघळं जमिनीवर. दुहेरी चिकटपट्टी घ्या, तिचे ३ सेंटिमीटरचे तुकडे आधीच आकारांच्या पाठीला लावून ठेवा, मुलं फक्त वरचा कागद सोलतील. पाण्याचे स्केचपेन पिशवीवर थेंब धरतात, तेलाचा मार्कर कपड्यांवरून निघत नाही. म्हणून डोळे-तोंड १५ सेंटिमीटरच्या ओरिगामी कागदावर काढून घ्या. कोऱ्या पिशव्या मात्र मुलांच्या हाती देऊ नका, घालायचं काम मोठ्यांनीच करायचं. आत हवा खेळत नाही, अर्ध्या तासात घाम सुटतो. मिरवणूक आणि फोटो झाले की लगेच उतरवा.

डोक्यासाठी जाड चित्रकलेचा कागद, ‘योत्सुगिरी’ माप, सुमारे ५४ बाय ३९. एका कागदातून ४ सेंटिमीटर रुंदीच्या ९ पट्ट्या निघतात, तीन कागदांत वर्ग होतो. पट्टी ४८ सेंटिमीटर ठेवा, दोन्ही टोकं २-२ सेंटिमीटर दुमडून त्यात एक रबर बँड अडकवा आणि स्टेपल करा. पिनेचे पाय बाहेरच्या बाजूला यायला हवेत, वर चिकटपट्टी. हा पट्टा प्रत्येक डोक्याला बसतो आणि कान, शिंगं काहीही त्यावर लागतं.

खाऊ गोळा करायच्या भोपळ्याच्या आकाराच्या २० बादल्यांना २२०० येन पडतात. त्याऐवजी कागदी पेल्याला दोन भोकं पाडून लोकरीची मूठ करा. दुधाचे रिकामे खोके फुकट मिळतात, पण वर्गात दुधाची अ‍ॅलर्जी असलेलं एक जरी मूल असेल तर ते नकोत.

खाऊ द्यायचाच असेल तर आधी शाळेची परवानगी घ्या. कडक गोळ्या, दाणे, सुकामेवा नको. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना कडक दाणे देऊ नका, असं जपानचं ग्राहक खातंच सांगतं. दूध, अंडं, गहू, अक्रोड यांसारख्या घटकांची माहिती मोठ्या पाकिटावर छापलेली असते, आतल्या छोट्या पुड्यांवर बहुतेकदा नसते. वाटून झाल्यावर पालकांनी विचारलं तर उत्तर हाताशी हवं, म्हणून मोठं पाकीट जपून ठेवा. खाऊऐवजी स्टिकर दिले तर हा सगळा व्याप वाचतो, आणि ‘ट्रिक ऑर ट्रीट’ (‘खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू’) म्हणायला मुलं स्टिकरसाठीही तेवढीच धावतात.

नेमकं मोजून घेतलं तर १५ ते १८ पाकिटांत वर्ग होतो, म्हणजे १६५० ते १९८० येन. उरलेल्या पिशव्या घडी न मोडता ठेवा, डिसेंबरच्या नाटुकल्याला लाल आणि पांढऱ्या लागतीलच. रबर बँड मात्र दरवर्षी नवे घ्या, जुने ऐनवेळी तुटतात.