उन्हाळ्यातलं लॉन: पाणी देऊन जगवावं की पिवळं पडू द्यावं?

पाऊस लांबला की लॉन आधी खुणा दाखवतं. चालून गेल्यावर पावलांचे ठसे बराच वेळ तसेच राहतात, पात्यांवर निळसर-करडी झाक येते. गवत पिवळं पडायच्या आत, म्हणजे याच वेळी, ठरवून टाकावं. पुढे मार्ग दोनच.

हिरवं राखायचं असेल तर आठवड्याला साधारण २५ मिमी पाणी लागतं. १०० चौरस मीटर लॉनला हे २,५०० लिटर होतात, तेही दर आठवड्याला. ते एक-दोन खेपांत, पहाटे द्यावं, म्हणजे ओल खाली झिरपते आणि मुळंही तिच्या मागे खोल जातात. किती पाणी पडलं ते कळायला लॉनवर उभ्या काठाचा रिकामा डबा ठेवून पट्टीने मोजावं.

गवताला झोपू द्यायचं असेल, म्हणजे पिवळं पडून त्याची वाढ थांबू द्यायची असेल, तर दोन ते चार आठवड्यांतून एकदा १२ मिमी पाणी पुरतं. त्याने लॉन हिरवं होत नाही. फक्त जमिनीलगतचा बुडखा जिवंत राहतो, आणि पुढचा फुटवा त्यातूनच येतो. पाती वाळली म्हणजे गवत मेलं, ही समजूत मनातून काढून टाका. खाली बसून एक झुपका बोटांनी फाकवून पाहा. बुडाशी पांढरट, टणक भाग दिसला आणि ओढल्यावर झुपका जमिनीला धरून राहिला, तर जीव आहे. चिमटीत अलगद उपटून आला, तर ते गवत गेलं.

माझं मत विचाराल तर जुनं, मुरलेलं लॉन असेल आणि पाण्याची टंचाई असेल, तर खुशाल झोपू द्या. यंदाच पेरलेल्या लॉनला मात्र पाणी द्यावंच लागतं, कारण त्याची मुळं अजून वरच्यावरच असतात. गवताची जातही बघा. हरळी धावत्या खोडांवर आणि जमिनीखालच्या कांड्यांवर पुन्हा पसरते, त्यामुळे ती सहसा सावरते. राय गवत झुपक्यांनी वाढतं, त्यात पडलेली भगदाडं आपोआप भरत नाहीत.

सर्वांत वाईट म्हणजे अधलंमधलं. रोज संध्याकाळी पाच मिनिटं पाइप फिरवला की वरचा पापुद्रा तेवढा भिजतो, मुळं वरच राहतात. आठवडाभर भरपूर पाणी, मग दोन आठवडे काहीच नाही, असं केलं तर त्याहून नुकसान. गवत साठवलेली शक्ती खर्चून फुटवा काढतं आणि लगेच होरपळतं. असं दोन-तीनदा झालं तर उरलेलं बळही जातं.

गवत वाढत असेल तोवर कापणी उंच ठेवा आणि एका वेळी पात्याचा एक तृतीयांशाहून जास्त भाग कापू नका. दुष्काळात नत्रखत अजिबात नको. झोपलेल्या लॉनवर गवत कापायचं यंत्र आणि माणसांची वर्दळ, दोन्ही बंद.

पाऊस आल्यावर दोन-तीन आठवडे थांबा. जिवंत असेल ते तेवढ्यात हिरवं होतं. जमीन घट्ट झाली असेल तर भोकं पाडून भुसभुशीत करा आणि उघड्या राहिलेल्या जागांतच बी टाका. फेस्क्यू, राय यांसारख्या थंड हवेच्या गवतांचं बी उन्हाळा सरून गारवा येऊ लागल्यावर टाकावं, हरळीचं मात्र जमीन उबदार असताना.