वायर वाढवायची कुठली: बॅटरीची की मोटरची?
लातूरच्या उन्हाळ्यात मॉडेल विमानाचा ईएससी (बॅटरी आणि मोटर यांच्या मधे बसून मोटरचा वेग सांभाळणारा कंट्रोलर) वाऱ्याच्या झोतात हवा, म्हणजे एक बाजू लांबवणं आलंच. मी आधी बॅटरीची वाढवली, चांगली फूटभर. दोनच वायरी, काम सोपं! पण लांब वायरीत करंट झटक्यात तुटला की व्होल्टेज उसळतं आणि ईएससीच्या कपॅसिटरच्या बोकांडी बसतं. माझ्या कपॅसिटरचं डोकं फुगून वर आलं होतं. तरीही तीच बाजू वाढवायची असेल, तर तीन सेलच्या बॅटरीला ३५ व्होल्ट, ४७० मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर (आतला रोध कमी असलेला) कपॅसिटर ईएससीला अगदी खेटून लावा. प्लस-मायनस उलटं झालं तर मात्र फटाका.

त्यापेक्षा मोटरच्या वायरी वाढवलेल्या बऱ्या. तीन असल्याने डाग जास्त द्यावे लागतात, एवढंच. मोटर उलटी फिरली? कुठल्याही दोन वायरींची अदलाबदल करा.